वेळीच दिलेली वर्दी : जनावरांच्या साथी आणि जीवदया



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी संस्थेच्या गेल्या पन्नास वर्षांचे स्मरण करावे आणि पुढील वाटचालीचा विचार करावा, अशी प्रथा आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र अनेकांना थोडा वेगळा वाटेल. जनावरांमध्ये साथी कशा येतात, त्या कोण रोखतो, कोणत्या ज्ञानाच्या बळावर रोखतो आणि या कामाचा जीवदयेशी काय संबंध आहे, हा तो विषय होय.

खानदेशातील जैन समाजाला पांजरापोळ हा शब्द परका नाही. सर जमशेटजी जीजीभॉय आणि जैन-हिंदू व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरापोळ १८३४ साली उभे राहिले आणि ही परंपरा गावोगावी दृढ झाली. जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे त्या परंपरेत आहेत. पर्युषणात चाऱ्यासाठी पावती फाडणे, घरातील मंगल कार्यानिमित्त गुरांना ढेप व गूळ देणे, भाकड गाईचा सांभाळ करणे हे संस्कार घराघरांत आहेत. जीवदयेची ही बाजू उजळ आहे आणि ती तशीच राहावी. परंतु चारा, पाणी आणि निवारा एवढ्यावर जीवदया पूर्ण होते का, असा प्रश्न खानदेशाला गेल्या काही वर्षांत दोनदा अत्यंत कठोरपणे विचारला गेला. पहिल्यांदा २००६ साली नवापुरात आणि दुसऱ्यांदा २०२२ साली रावेर तालुक्यात. त्यातील अलीकडच्या प्रसंगापासून आरंभ करणे योग्य ठरेल.

चिनावलची नोंद

४ ऑगस्ट २०२२ रोजी जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात चिनावल या गावी गुरांमध्ये लम्पी चर्मरोग आढळून आला. त्या वर्षीच्या साथीची महाराष्ट्रातील ही पहिली नोंद होय. रावेर-यावलचा पट्टा केळीचा, पाण्याचा आणि दुभत्या जनावरांचा. मध्य प्रदेशाची सीमा तेथून हाकेच्या अंतरावर. गुरांची खरेदी-विक्री, सोयरीक, बाजार आणि चराई या साऱ्यांसाठी ती सीमा कागदावरचीच आहे. रोगालाही ती तशीच ठरली.

लम्पीचा विषाणू हा शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या विषाणूचा जवळचा नातलग. १९२९ साली आफ्रिकेतील झांबियात तो प्रथम नोंदला गेला, २०१९ साली ओडिशात भारतातील पहिली नोंद झाली. गुराला ताप येतो, डोळ्यांतून व नाकातून पाणी गळते, अंगभर सुपारीएवढ्या गाठी उठतात, पाय सुजतात, दूध आटते. साधारणतः बाधित जनावरांपैकी शेकडा एक ते पाच दगावतात. वासरांत हे प्रमाण अधिक असते. माणसाला हा रोग होत नाही. तो प्रामुख्याने चावणाऱ्या माशा, डास आणि गोचीड यांच्याद्वारे पसरतो. २०२२ च्या त्या एका वर्षात देशभरात दीड लाखाहून अधिक गुरे या रोगाने दगावली. सर्वाधिक हानी राजस्थानात झाली.

अशा वेळी गोठ्यात दोन प्रकारची माणसे येतात आणि त्यांचे प्रश्न निराळे असतात. पहिला असतो उपचार करणारा पशुवैद्य. या गाईचा ताप कसा उतरेल, जखमेत किडे पडू नयेत म्हणून काय करावे, ही त्याची चिंता. दुसरा असतो साथरोगतज्ज्ञ. तो गाईकडे पाहतो, पण लगेच गाईच्या मालकाकडे वळतो. हे जनावर कोठून आणले? गेल्या महिन्यात ते कोणत्या बाजारात गेले होते? शेजारच्या दावणीला किती गुरे आहेत? पहिली गाठ कोणत्या दिवशी दिसली? गावात आधी कोणाचे जनावर आजारी पडले? पहिला एका जिवाला वाचवतो. दुसरा, जी जनावरे अजून निरोगी आहेत आणि ज्यांना त्याने पाहिलेलेही नाही, अशा हजारो जिवांना वाचवण्याची धडपड करतो. पशुवैद्यकीय साथरोगशास्त्र म्हणतात ते हेच.

चिनावलनंतर जिल्ह्यात जे घडले ते या शास्त्राच्या नियमांनुसार घडले. बाधित गावाभोवती पाच किलोमीटरच्या परिघातील गुरांचे लसीकरण हाती घेण्यात आले. लम्पीची स्वतंत्र लस त्या वेळी बाजारात उपलब्ध नव्हती, म्हणून नातलग विषाणूची, म्हणजे शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचण्यात आली. सप्टेंबर २०२२ मध्ये संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. गुरांचे बाजार, शर्यती, जत्रा आणि वाहतूक यांवर निर्बंध आले. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी ४० लाख गाई-बैल आहेत. त्या सर्वांना मोफत लस देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्या पावसाळ्यात जिल्हा परिषदेचे पशुवैद्यक, पशुधन पर्यवेक्षक, खासगी सेवादाते आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थी लशीचे शीतपेटारे घेऊन गोठ्यागोठ्यांत फिरले.

बाजार बंद झाल्याने शेतकऱ्यांची अडचण झाली हे खरे. बैल विकता येईना, घेता येईना. पण या बंदीमागचे कारण समजून घेतले पाहिजे. लम्पीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण चार दिवस ते दोन आठवडे जातात. या काळात जनावर चांगले खाते-पिते, धडधाकट दिसते आणि बाजारात चांगल्या भावाने विकलेही जाते. डोळ्यांना जे निरोगी दिसते, ते निरोगी असेलच असे नाही. दुसरीकडे, लस टोचल्यापासून पुरेशी प्रतिकारशक्ती यायला सुमारे तीन आठवडे लागतात. रोगाची चाल जलद आणि लशीची चाल मंद. या दोहोंमधले अंतर भरून काढण्याचा एकच उपाय उरतो, तो म्हणजे जनावरांची हालचाल थांबवणे.

बुळकांडीचा अंत

या शास्त्राचे सामर्थ्य किती मोठे आहे हे पाहायचे असेल तर बुळकांडीचा इतिहास पाहावा. जुन्या पिढीतील शेतकऱ्यांच्या तोंडी हा शब्द शिवीसारखा यायचा. तीव्र ताप, तोंडात व्रण, रक्तमिश्रित जुलाब आणि आठ-दहा दिवसांत मृत्यू. एकदा बुळकांडी शिरली की गावातील दावणी ओस पडत. बैल गेला की पेरणी गेली, पेरणी गेली की घरदार सावकाराकडे गेले. १८९० च्या दशकात आफ्रिकेत या रोगाने गुरांचे कळपच्या कळप नष्ट केले आणि इथिओपियात भीषण दुष्काळ पडला.

भारतात या रोगाचा शास्त्रीय अभ्यास महाराष्ट्राच्या भूमीवर सुरू झाला, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. १८७१ साली गुरांच्या साथींविषयी नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला. पुढे ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली आणि डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांनी तिची धुरा सांभाळली. परंतु दाट वस्तीच्या शहरात इतके संसर्गजन्य विषाणू हाताळणे धोक्याचे होते. म्हणून १८९३ साली ती प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. विख्यात शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख १८९७ साली तेथे येऊन गेले. १९२० च्या दशकात डॉ. जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमध्ये वारंवार वाढवून सौम्य केला आणि त्यापासून लस सिद्ध झाली.

स्वतंत्र भारताने १९५४ साली बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. देशातील बहुसंख्य गुरांना लस टोचण्याचा तो प्रचंड खटाटोप होता. रोग पुष्कळ आटोक्यात आला, परंतु पूर्णपणे गेला नाही. दख्खनच्या व दक्षिणेच्या काही भागांत तो दबा धरून राहिला आणि गुरांच्या व्यापाराबरोबर पुनःपुन्हा बाहेर पडत राहिला. पुढे केनियात डॉ. वॉल्टर प्लाउराइट यांनी पेशीसंवर्धनातून अधिक सुरक्षित लस तयार केली. ती भारतातही आली. तरीही केवळ लशीवर काम भागले नाही.

अखेरचा विजय मिळवला तो शोधमोहिमेने. १९९० च्या दशकात निर्मूलनाचा नवा प्रकल्प सुरू झाला. त्यात रोग कोठे आहे ते शोधा, तेथेच घेरा आणि उरलेल्या भागात लस देणे टप्प्याटप्प्याने थांबवा, असे धोरण ठरले. लस थांबवण्याचे कारण साधे आहे. सर्व गुरांना लस टोचलेली असेल तर रोग खरोखर संपला की नुसता झाकला गेला, हे कळायला मार्ग उरत नाही. पशुवैद्यक गावोगावी गेले. तोंडात व्रण असलेले, जुलाब होणारे एखादे जनावर दिसले का, असे गुराख्यांना, व्यापाऱ्यांना, दूधवाल्यांना विचारत फिरले. रोग सापडला नाही, हेही त्यांनी प्रत्येक गावासाठी लिहून ठेवले. भारतातील बुळकांडीची शेवटची नोंद १९९५ सालची. मे २००६ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने भारताला बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त घोषित केले आणि २०११ साली संपूर्ण जग या रोगातून मुक्त झाल्याची घोषणा झाली. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा केवळ दुसरा रोग.

या विजयाचे शिल्पकार कोण, असे विचारले तर दोन-चार शास्त्रज्ञांची नावे सांगता येतील. परंतु खरे शिल्पकार म्हणजे ती हजारो माणसे, ज्यांनी गावात काही विपरीत दिसताच ते न लपवता कळवले आणि ज्यांनी ते कळवणे गांभीर्याने घेतले.

नवापूरचा धडा

ज्या वर्षी भारत बुळकांडीमुक्त झाला, त्याच वर्षी खानदेशाने या गोष्टीची दुसरी बाजू पाहिली. नंदुरबार जिल्हा १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग होता. त्या जिल्ह्यातील नवापूर परिसरात कुक्कुटपालनाचा व्यवसाय मोठा. २००६ च्या आरंभी तेथे कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. सुरुवातीस तो नेहमीचा राणीखेत रोग असावा असे समजले गेले. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातील पहिला बर्ड फ्लू नवापुरात असल्याचे जाहीर झाले. मार्च महिन्यात जळगाव जिल्ह्यातील सावदा, मारूळ, हातेड आणि साळवा या गावांतही त्याचा प्रादुर्भाव सिद्ध झाला.

त्यानंतर जे झाले ते आठवणे कोणत्याही संवेदनशील मनाला जड जाते. रोगग्रस्त ठिकाणाभोवती तीन किलोमीटरच्या वर्तुळातील सर्व पक्षी नष्ट करण्यात आले. लक्षावधी पक्षी. त्यांत आजारी होते तसेच निरोगीही होते. मोठ्या शेडमधील होते तसेच आदिवासी बांधवांच्या अंगणातील चार-सहा कोंबड्याही होत्या. त्या साथीत एकाही माणसाला बाधा झाल्याचे सिद्ध झाले नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला आणि पुन्हा तेच करावे लागले.

कुक्कुटपालनाच्या व्यवसायाविषयी जैन समाजाची भूमिका सर्वश्रुत आहे. तिची चर्चा येथे अप्रस्तुत होईल. परंतु अहिंसेला प्रमाण मानणाऱ्या समाजाने नवापूरकडे पाठ फिरवून चालणार नाही. एवढी मोठी हत्या का करावी लागली, हा प्रश्न विचारला पाहिजे. त्याचे शास्त्रीय उत्तर असे आहे : हा विषाणू पक्ष्यांत अत्यंत वेगाने पसरतो, तो माणसात शिरण्याची भीती असते आणि पसरलेल्या रोगाला दुसरा कोणताही उपाय त्या घटकेला हाताशी नसतो. पण या उत्तराच्या आत आणखी एक उत्तर दडलेले आहे. रोग एका शेडमध्ये असताना कळला तर वर्तुळ एकच पडते. तो दहा ठिकाणी पोहोचल्यावर कळला तर दहा वर्तुळे पडतात. विलंबाच्या प्रत्येक दिवसाची किंमत निरपराध जिवांना मोजावी लागते. म्हणजे हिंसेचा आकडा सरकारी आदेशाच्या दिवशी ठरत नाही. तो त्याआधीच्या मौनाच्या दिवसांत ठरत जातो.

हे मौन का असते? मालक दुष्ट असतो म्हणून खचितच नाही. कळवले तर व्यवसाय बंद होईल, गावाचे नाव बदनाम होईल, दूध कोणी घेणार नाही, ही भीती त्याला असते. म्हणूनच साथनियंत्रणात नुकसानभरपाईला फार मोठे स्थान आहे. लम्पीच्या साथीत महाराष्ट्र शासनाने दगावलेल्या दुभत्या गाईसाठी ३० हजार, ओढकाम करणाऱ्या बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये साहाय्य दिले. वरवर पाहता ते दुःखी शेतकऱ्याचे अश्रू पुसणे वाटते. वस्तुतः सत्य सांगणाऱ्याचे नुकसान होऊ नये, अशी ती व्यवस्था आहे. जेथे खरे बोलण्याची शिक्षा मिळते तेथे रोग लपतो आणि जेथे रोग लपतो तेथे तो वाढतो.

पांजरापोळाची जबाबदारी

आता हा विचार स्वतःच्या अंगणात आणला पाहिजे. पांजरापोळात येणारी गुरे कोण असतात? म्हातारी, भाकड, जखमी, वाहतुकीतून सोडवलेली. निरनिराळ्या गावांतून आणि कधी परराज्यांतून आलेली. त्यांची प्रतिकारशक्ती क्षीण असते, पूर्वेतिहास अज्ञात असतो आणि ती सर्व एका छताखाली, एका गव्हाणीवर एकत्र येतात. साथरोगशास्त्राच्या दृष्टीने रोगाला यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडणार नाही. करुणेपोटी आत घेतलेले एक जनावर आतील दोनशे जनावरांच्या मृत्यूचे कारण ठरू शकते. २०२२ साली देशातील अनेक गोशाळांनी हा अनुभव घेतला.

यावर उपाय कठीण नाहीत, फार खर्चिकही नाहीत. पहिला उपाय म्हणजे विलगीकरणाचा स्वतंत्र गोठा. नव्याने आलेले प्रत्येक जनावर किमान चार आठवडे मुख्य कळपापासून दूर ठेवावे. त्याची गव्हाण, पाण्याची टाकी आणि शक्य झाल्यास सेवकही वेगळा असावा. सेवक एकच असेल तर त्याने आधी निरोगी जनावरांचे काम उरकावे आणि मग विलगीकरणात जावे, उलट क्रमाने नव्हे. दुसरा उपाय नोंदवहीचा. जनावर कधी आले, कोठून आले, त्याच्या कानातील बारा अंकी बिल्ल्याचा क्रमांक काय, कोणती लस कधी दिली, आजारी कधी पडले, हे रोज लिहिले जावे. व्यापारी समाजाला रोजमेळाचे महत्त्व सांगण्याची आवश्यकता नाही. तीच शिस्त गोठ्यात हवी.

तिसरा उपाय लसीकरणाचा. घटसर्प आणि फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वी, लाळ्या-खुरकूताची लस ठरलेल्या वेळापत्रकानुसार वर्षातून दोनदा. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेल्ला, म्हणजे सांसर्गिक गर्भपात, या दोन रोगांसाठी केंद्र शासनाने सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम आरंभला. ब्रुसेल्लाची लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना दिली जाते. हा रोग माणसालाही होतो. गर्भपात झालेल्या गाईचा जार-वार उघड्या हातांनी उचलणाऱ्या सेवकाला तो जडू शकतो. म्हणून सेवकांना हातमोजे देणे हीदेखील जीवदयाच आहे, कारण सेवकही जीवच आहे.

चौथा उपाय मृत जनावराच्या विल्हेवाटीचा. अचानक दगावलेल्या आणि नाका-तोंडातून काळसर रक्त वाहणाऱ्या जनावराला फाशी रोगाची शंका घ्यावी आणि त्याचे शवविच्छेदन करू नये. या रोगाचे जंतू मातीत कित्येक दशके जिवंत राहू शकतात. पशुवैद्यकाला बोलावून, खोल खड्ड्यात चुना टाकून शव पुरणे हाच मार्ग. ते उघड्यावर फेकणे म्हणजे पुढच्या पिढीच्या गुरांसाठी मृत्यू पेरून ठेवणे होय.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट वर्दीची. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ हा केंद्रीय कायदा आहे. अनुसूचित रोगाची शंका येताच ती कळवण्याचे कर्तव्य या कायद्याने केवळ मालकावर ठेवलेले नाही. ज्यांच्या ताब्यात जनावरे आहेत अशा स्वयंसेवी संस्थाही त्यात नावानिशी आल्या आहेत. बाधित जनावर वेगळे ठेवणे हेही त्या कायद्यानुसार बंधनकारक आहे. रोग सिद्ध होण्याची वाट पाहायची नसते. शंका पुरेशी असते. शंका खोटी ठरली तर कोणाचेही नुकसान होत नाही. शंका खरी असून ती सांगितली गेली नाही, तर काय होते ते नवापूरने दाखवले आहे.

या वाटेवर येणाऱ्या तरुणांसाठी

सभागृहात बारावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालकही उपस्थित आहेत. समाजातील मुले-मुली सनदी लेखापाल होतात, अभियंते होतात, वैद्यकीय क्षेत्रात नाव काढतात. पशुवैद्यक होणारे मात्र अल्प. जीवदयेचा वारसा सांगणाऱ्या समाजात असे का असावे, याचा विचार व्हावा.

या शिक्षणाची परंपरा राज्यात जुनी आहे. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यातून परळला जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याच परिसरात १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २००० साली नागपूर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे त्याची पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. बारावी विज्ञान शाखेनंतर नीट परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो. पदवीचा अभ्यासक्रम आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा. पुढे सार्वजनिक आरोग्य आणि साथरोगशास्त्र या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता येते.

त्यानंतरच्या वाटा अनेक आहेत. लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होऊन तालुक्याच्या पशुआरोग्याची जबाबदारी घेता येते. पुण्याच्या औंध येथील रोगनिदान प्रयोगशाळेत काम करता येते. तेथेच राज्याची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था लशी तयार करते. बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेत पर्जन्यमान, तापमान आणि मागील साथींच्या नोंदी यांवरून कोणत्या जिल्ह्यात कोणता रोग उद्भवण्याची शक्यता आहे, याची पूर्वसूचना दोन महिने आधी काढली जाते. ज्याला गणित प्रिय आहे आणि प्राणीही प्रिय आहेत, त्याच्यासाठी यासारखे क्षेत्र नाही. संशोधनाची झेप घ्यायची असेल तर हिस्सारचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. चिनावलला रोग आढळला त्याच आठवड्यात, १० ऑगस्ट २०२२ रोजी, हिस्सार आणि इज्जतनगर येथील शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेली लम्पीची स्वदेशी लस जाहीर झाली. डिसेंबरमध्ये तिच्या उत्पादनासाठी पुण्याच्या संस्थेशी करारही झाला. १९९६ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे पीटर डोहर्टी हे मूळचे पशुवैद्यकच होत.

या कामाचे स्वरूपही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्यात चिखल आहे, शेण आहे, रात्रीचे फोन आहेत. धुळे जिल्ह्यातील ठेलारी मेंढपाळ मेंढरे घेऊन महिनोन्महिने वाटेवर असतात; त्यांच्या कळपाला पीपीआरची लस द्यायची तर त्यांच्या मुक्कामापर्यंत चालत जावे लागते. त्यात लोकांचा रोषही आहे, कारण बाजार बंद करा असे सांगणारा माणूस कोणालाच प्रिय नसतो. शल्यचिकित्सकाने वाचवलेला रुग्ण त्याच्यासमोर हात जोडून उभा राहतो. साथरोगतज्ज्ञाने वाचवलेल्या जनावराला तर आपण वाचलो हेही ठाऊक नसते आणि त्याच्या मालकालाही नसते. जे घडले नाही त्याचा सत्कार कोणी करत नाही. फळाची अपेक्षा न ठेवता करावयाच्या कर्माचे याहून निर्मळ उदाहरण क्वचितच सापडेल.

समारोप

सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेपुढे दोन नम्र सूचना ठेवाव्याशा वाटणे स्वाभाविक आहे. खानदेशातील पांजरापोळांत विलगीकरणाचा एक गोठा आणि एक नीट ठेवलेली नोंदवही असावी, यासाठी दानशूरांनी साहाय्य करावे. आणि पशुवैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला, तो कोणत्याही समाजाचा असो, दरवर्षी शिष्यवृत्ती द्यावी. चाऱ्याच्या पावतीइतकेच या दोन पावत्यांचे पुण्य आहे.

पूर्वजांनी पांजरापोळे उभारली तेव्हा रोगाचे जंतू कोणाला ठाऊक नव्हते. त्यांनी आपल्या काळाच्या ज्ञानानुसार जीवदया आचरली. आजचे ज्ञान अधिक आहे, म्हणून आजची जबाबदारीही अधिक आहे. मुक्या जिवाला आपला आजार सांगता येत नाही. तो ज्याच्या दावणीला आहे त्याने तो सांगावयाचा असतो. आजारी गुराच्या तोंडी घास भरवणे ही दया खरीच. परंतु शंका येताच, कोणतीही भीती वा संकोच न बाळगता, त्याच सकाळी पशुवैद्यकाला वर्दी देणे ही त्याहून दूरवर पोहोचणारी दया आहे. कारण तिच्यामुळे वाचणारे जीव मोजता येत नाहीत.

जय जिनेंद्र.